मिलवाल्यांनी चावी मागितली तर द्यावी का?

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

आम्ही बडोद्यात वाडीला राहतो. घरच्या दोन दहाचाकी गाड्या आहेत. एक हे चालवतात, दुसरी भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. हिशेब मी बघते. जाताना वापीच्या पेपर मिलला रद्दीच्या गाठी (दाबून तारेने बांधलेले मोठे गठ्ठे) जातात, येताना मकरपुऱ्याच्या बॉक्सवाल्यांसाठी क्राफ्टची, म्हणजे खोक्यांच्या जाड खाकी कागदाची, रिळं येतात. गेल्या महिन्यात भाऊजींना पायात चपला होत्या म्हणून गेटवरून परत पाठवलं. पुढच्या खेपेला ते स्कूटरचं हेल्मेट आणि कुणाचे तरी जुने बूट घालून गेले. आत सुपरवायझरने गाडीची चावी मागितली. भाऊजी म्हणाले, गाडी माझी, चावी का देऊ? शब्दाला शब्द लागला आणि गाडीला पंधरा दिवस बंदी. हे म्हणतात, मिलवाल्यांना माज आलाय, सोडून देऊ ही लाइन. एका शेठने कॉस्टिकच्या टँकरचं काम देऊ केलंय, भाडं बरं आहे. मला मात्र धास्ती वाटते. त्याच खेपेच्या आधी दोरी सोडताना वरची एक गाठ भाऊजींपासून हातभरावर पडली होती. त्यांनी घरात सांगितलंच नाही, क्लीनरकडून कळलं. चावी द्यायची असते का? हे नियम खरे की नुसता जाच? आणि कॉस्टिकचं काम घ्यावं का?

ता. क. दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा मुलगा काकाबरोबर मिल बघायला जायचं म्हणतोय. पाठवू का?

उत्तर

ताई, चावी द्यायची. बिनबोभाट द्यायची, आणि गाडी खाली झाली की ज्याच्या हातात दिली त्याच्याच हातून परत घ्यायची. भाऊजी चुकले. पण ती कशासाठी मागतात हे त्यांना कुणी सांगितलं नसणार, तेवढी चूक मिलचीही.

मी एका पेपर मिलच्या यार्डात २६ वर्षं काढली. सुरुवातीला आमच्याकडे चावी घ्यायची पद्धत नव्हती. एकदा रद्दीचा कंटेनर धक्क्याला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, लागला होता आणि फोर्कलिफ्ट मधल्या फटीवर टाकलेल्या पत्र्यावरून आत-बाहेर करत होती. शेवटच्या दोन गाठी उरल्या होत्या. धक्क्यावरचा एक हमाल दुसऱ्याला चहासाठी हाक मारत होता, ‘चल, चल!’ केबिनमध्ये डुलकी काढणाऱ्या ड्रायव्हरला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. त्याने स्टार्टर मारला आणि गाडी दोन फूट पुढे घेतली. बास, दोनच फूट. तेवढ्यात फोर्कलिफ्टची मागची चाकं फटीत गेली आणि मशीन आडवं झालं. ऑपरेटर वाचला, पण पुढे कधी सरळ चालला नाही. ड्रायव्हर डोकं धरून बसला होता. त्याचा तरी काय दोष? त्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

तेव्हापासून गाडी लागली की हँडब्रेक, चाकाखाली पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चावी आमच्या ऑफिसातल्या बोर्डावर. भाऊजींची गाडी उघड्या बॉडीची आहे, तिच्यात फोर्कलिफ्ट शिरत नाही हे मला ठाऊक आहे. पण क्लॅम्पने (फोर्कलिफ्टच्या पुढच्या पकडीने) वरची गाठ दाबून धरलेली असताना गाडी हातभर जरी हलली, तरी ती गाठ निसटते आणि शेजारची थप्पी घेऊन खाली येते. खाली कोण उभं असेल ते देवाला माहीत.

आणि हो, एक चावी सुपरवायझरला देऊन डुप्लिकेट खिशात ठेवायची चलाखीही मी पाहिलेली आहे. भाऊजींना विचारा. हसले, तर समजून जा.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. पत्रात तुम्ही चावीवर चार ओळी लिहिल्या आणि पडलेल्या गाठीवर दोन. माझ्या मते सगळं पत्र त्या दोन ओळींतच आहे. बडोदा-वापी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता. जांबुवा आणि पोरच्या पुलांवरची कोंडी, भरूचची गर्दी, कंटेनरवाल्यांची घुसाघुशी, या सगळ्याची घरच्यांना काळजी असते आणि ती असायलाच हवी. पण पेपर मिलच्या यार्डात मी जे अपघात पाहिले, त्यातले बहुतेक गाडी उभी असताना झाले. इंजिन बंद, ड्रायव्हर निवांत, ‘पोचलो एकदाचे’ म्हणून अंग सैल सोडलेलं. तेव्हा.

दोरी सोडताना काय होतं ते सांगतो. रद्दीची एक गाठ पाचशे किलोपासून टनापर्यंत भरते. बडोद्यात भरताना थप्पी सरळ असते. वाटेत ब्रेक, वळणं, खड्डे लागतात आणि माल थोडा थोडा सरकतो. कागद दबतो, गाठीच्या तारा सैल होतात. वापीला पोचेपर्यंत एखादी वरची गाठ बाहेर कललेली असते आणि ती फक्त दोरीवर टेकून उभी असते. ड्रायव्हर जातो, निरगाठ सोडतो. म्हणजे त्या टनभर वजनाला जे एकच धरून होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतलेलं असतं, आणि स्वतः नेमका तिच्याखाली उभा असतो.

म्हणून काट्यावर वजन झालं की दोरीला हात लावायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारायची. दहा पावलं मागे जाऊन फाळक्याच्या बाजूने थप्पीची रेषा बघायची. कुठे पोट सुटलंय का? ज्या बाजूला सुटलंय, त्या बाजूची दोरी शेवटपर्यंत सोडायची नाही. सुपरवायझरला दाखवायचं, क्लॅम्पवाल्याला बोलवायचं. त्याने त्या गाठीला टेकू दिला की मगच विरुद्ध बाजूने दोरी ढिली करायची. सोडली की तिथून निघायचं, आणि थप्पी जितकी उंच, त्याहून जास्त अंतरावर जाऊन उभं राहायचं. हातभरावर नव्हे. पावसाळ्यात हे दुप्पट पाळायचं, कारण भिजलेली गाठ मऊ पडते आणि जडही होते. जड झाली की काट्यावर आणखी एक दुखणं: जादा वजनाला सरळ २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. ताडपत्री नीट बांधली तर दोन्ही वाचतं.

ताडपत्रीचंही सांगून ठेवतो. ती ओढताना माणूस गाठींवर चढतो आणि कडेकडे पाठ करून मागे मागे सरकत ओढतो. सगळे असंच करतात, मीही केलंय. ओला प्लॅस्टिकचा कागद पायाखाली असला की बारा फुटांवरून खाली यायला क्षण लागत नाही. मिलमध्ये ताडपत्री सोडायला कठड्याचा माचा असेल तर रांग लावून तोच वापरायचा. नसेल तर जमिनीवरून, लांब दोरीने ओढायची. वर असाल तर तोंड नेहमी कडेकडे. क्लीनरला वर चढवून स्वतः खाली चहा पिणं हा यावर उपाय नव्हे.

बुटांवर फार वेळ घालवत नाही. नियम खरा आहे आणि साधा आहे. बोटांवर पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज, आयएसआय मार्क, आयएस १५२९८ असं आत छापलेलं. कारखान्याच्या हेल्मेटवर आयएस २९२५. मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) आसपास दोन्ही मिळतं, बिल घ्या, हिशेबात टाका. स्कूटरच्या हेल्मेटने भाऊजींचे कान झाकले गेले आणि कडेचं दिसेनासं झालं. यार्डात मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्नच जर ऐकू आला नाही, तर त्यापेक्षा बोडकं डोकं बरं म्हणायची पाळी. वर एक चमकदार पट्ट्यांचं जाकीट घ्या. क्लॅम्पवाल्याच्या पुढ्यात गाठ असते, त्याला समोरचं जवळजवळ काही दिसत नाही. यार्डात रद्दीचा रंग खाकी, धुळीचा खाकी आणि ड्रायव्हरच्या शर्टाचाही खाकी. सगळ्यांना दोन-दोन जोड घ्या. क्लीनरलाही. गाठींच्या तारा तुटून उसळतात, तेव्हा जाड हातमोजे आणि साधा गॉगलही डब्यात असू द्या.

नियमाच्या कागदावर सहसा नसतं, पण माणसं ज्याने मरतात, ते सांगतो. एक, गाडीखाली झोपणं. वापीचा मे महिना, सावली नाही, रांगेत पाच तास. माणूस चटई टाकतो ती चाकाच्या शेजारी. पुढची रांग हलली की मागच्याला कुणी उठवत नाही. दुसऱ्याच्या गाडीखाली तर चुकूनही नाही. दोन, स्टोव्ह. रांगेत गाडीच्या आडोशाला पाच किलोचा सिलिंडर लावून भात शिजवणारे क्लीनर मी हाकलले आहेत. शिव्या खाल्ल्या. आजूबाजूला शेकडो टन कोरडा कागद आणि वारा! डबा घरून द्या, किंवा गेटबाहेर सेव-उसळ खा. (वापीत बडोद्यासारखी मिळत नाही, हे मान्य.) बिडी-काडी गेटवर जमा करायला लावतात ती याच कारणासाठी. तीन, खाली झाल्यावर सायलेन्सरवर आणि चासीच्या कोपऱ्यांत कागदाच्या चिंध्या अडकलेल्या असतात. गाडी तापली की हायवेवर त्याच पेटतात. निघण्याआधी झाडूने पाच मिनिटं काढायची.

येतानाच्या रिळांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारलं असतं. क्राफ्टचं एक मीटर व्यासाचं, एक मीटर रुंद रीळ साधारण अर्ध्या टनाचं असतं. उभं ठेवलं तर सहसा शहाण्यासारखं राहतं, आडवं ठेवलं तर ते चाकच आहे. आडव्या रिळांना दोन्ही बाजूंनी पाचर हवी आणि ती तळाला खिळ्याने ठोकलेली हवी. नुसती सरकवलेली पाचर पहिल्या ब्रेकला सुटते. सगळ्यात पुढचं रीळ केबिनच्या मागच्या पत्र्याला चिकटून हवं. मध्ये जागा राहिली तर ब्रेक मारल्यावर ते धावत येतं, आणि पत्र्याच्या पलीकडे कोण बसलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. भरताना रीळ आणि पत्रा यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. ‘जरा हाताने सरकवतो’ तर मुळीच नाही.

आता मिलवाल्यांची बाजू मी घेतोय असं वाटेल, म्हणून हेही लिहितो. ज्या मिलमध्ये मी होतो तिथे गेटवर बूट वाकून वाकून तपासायचे, आणि आत ड्रायव्हरला बसायला एक बाकडं नव्हतं. पाण्याचा नळ होता तो कॅन्टीनच्या मागे, आणि तिकडे जायचा रस्ता फोर्कलिफ्टच्या वाटेवरून. संडासचं विचारू नका. मी तीन वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे पत्र्याची शेड झाली. नियम माणसासाठी असेल तर ‘इथे उभा राहू नकोस’ म्हणणाऱ्याने ‘मग कुठे राहू’ याचं उत्तर तयार ठेवायला हवं. भाऊजींनी भांडायचंच असेल तर यावर भांडावं. ‘साहेब, चावी घ्या. पण मी थांबायची जागा दाखवा, जिथून मला क्लॅम्प दिसेल आणि क्लॅम्पवाल्याला मी.’ असं बोलणाऱ्या ड्रायव्हरशी कुणी वाद घालू शकत नाही.

दुसरं भांडण हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी ताटकळत ठेवल्याच्या पैशांचं, आणि ते तुमच्या खात्यातलं आहे. कायदा दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ म्हणतो. घरच्या गाडीवरच्या दिराला तो लागू पडतो की नाही, हा वाद वकिलांना करू द्या. झोपेला तो वाद कळत नाही. रात्रभर गाडी चालवायची, दिवसभर रांगेत ताटकळायचं आणि संध्याकाळी रिळं भरून पुन्हा हायवे धरायचा, असा माणूस दोरी सोडताना कलती थप्पी बघेल कशी? बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) गेटची वेळ आणि खाली झाल्याची वेळ शिक्क्यासकट लिहून घ्या. ठरलेल्या तासांपुढे हॉल्टिंग लावा. आणि त्या पैशातून एक रात्रीचा मुक्काम काढा. हिशेब तुम्ही बघता, म्हणजे ही झोप तुमच्याच हातात आहे.

तुमच्याच हातातली आणखी एक गोष्ट. विम्याचा कागद काढून बघा. गाडी यजमानांच्या नावावर असेल, तर पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यांचा. भाऊजींना तो मिळणार नाही. ड्रायव्हर आणि क्लीनरसाठीचा वेगळा हप्ता भरलाय का? नसेल तर याच आठवड्यात एजंटला फोन करा.

कॉस्टिकबद्दल माझं मत: आत्ता नको. ज्याला चावी का द्यायची हे अजून पटलेलं नाही, त्याच्या हाती कॉस्टिकचा पाइप देऊ नये. रागावू नका. पुढे घ्यायचंच असेल तर असं आहे. कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं कातडी जाळणारं द्रावण, हा धोकादायक माल. तो वाहायला ड्रायव्हरला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ती दर ३ वर्षांनी नवी करावी लागते. केबिनमध्ये त्या मालाचं ट्रेम कार्ड (धोका काय आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेला कागद) ठेवावं लागतं आणि ते ड्रायव्हरला वाचता यायला हवं. ‘शेठ सगळं बघून घेतील’ हे उत्तर चालत नाही, लायसन्स भाऊजींचं आहे. आणि मिलमध्ये पाइप जोडण्याआधी डोळे धुवायचा नळ आणि शॉवर कुठे आहे ते बघायचं, उघडून पाणी येतंय का तेही बघायचं. आमच्याकडे एका शॉवरला वर्षभर पाणीच नव्हतं, कुणाला पत्ता नव्हता. गमबुटाच्या बाहेर पँट ठेवायची, आत खोचायची नाही. खोचली तर सांडलेलं कॉस्टिक सरळ बुटात उतरतं आणि बूट काढेपर्यंत पाय सोलून निघतो. डोळ्यात थेंब गेला तर निदान १५ मिनिटं पाण्याची धार, मग दवाखाना. आधी दवाखाना नाही.

मिलमधल्या वासांबद्दल दोन शब्द, हे रद्दीवाल्यांनाही लागू. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथून बाजूला व्हायचं. वास गेला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण तो गॅस वाढला की नाकच बधिर होतं. सांडपाण्याच्या हौदाजवळ, लगद्याच्या टाकीजवळ सावली बघून बसायचं नाही. २०२० च्या मे महिन्यात छत्तीसगढमधल्या रायगढच्या एका पेपर मिलमध्ये टाकी साफ करताना गॅस लागून ७ कामगारांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्याच सुमारास विशाखापट्टणमची वायुगळतीची मोठी दुर्घटना झाली, त्यात ही बातमी बुडाली. कुणी टाकीत कोसळलेला दिसला तर आपण आत उतरायचं नाही, आरडाओरडा करायचा. ड्रायव्हर मंडळी मनाने मोठी असतात, पटकन उडी घेतात, आणि मग दोघांना काढावं लागतं.

बंदीचं काय करायचं? पंधरा दिवस संपायची वाट बघू नका. यजमानांनी स्वतः जावं, भाऊजींना बरोबर घेऊन, नवे बूट घालून. मिलच्या स्टोअर किंवा सेफ्टीच्या साहेबांना एक पानाचं पत्र द्यावं: चावीवरून वाद झाला, आमच्याकडून पुन्हा होणार नाही, आमच्या ड्रायव्हरला यार्डाचे नियम एकदा हिंदी किंवा गुजरातीत समजावून सांगावेत, आणि अमुक तारखेला दोरी सोडताना गाठ पडली होती, त्याची नोंद करावी. ही शेवटची ओळ लिहायला भाऊजी कुरकुरतील. तरी लिहा. थोडक्यात टळलेल्या अपघाताची खबर देणारा ट्रान्सपोर्टर मला २६ वर्षांत दोनदाच भेटला, आणि त्या दोघांच्या गाड्या मी कधी रांगेत फार वेळ उभ्या ठेवल्या नाहीत. हा पक्षपात होता, कबूल.

आणि तुमच्या चिरंजीवांबद्दल: नाही. गेटवर मुलांना आत सोडत नाहीत, सोडू नयेच. म्हणजे काका आत आणि पोरगं बाहेर, रांगेतल्या गाड्यांच्या मध्ये, एकटं. त्याला कागद कसा होतो ते बघायचंच असेल तर घरची रद्दी रात्रभर भिजत घाला, मिक्सरमधून काढा, पिठाच्या चाळणीवर पसरून गच्चीत वाळवा. चाळणी जुनी घ्या.